नसलेल्या व्याजावरचा कर

त्या जुलैत बाबा करावरून भांडले नाहीत. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

एरवी आयकराचं विवरणपत्र भरायला बसलं की बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत छोटी सभाच भरायची. बाबा कारखान्यात असताना युनियनची पत्रकं लिहीत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'बदक'च्या आधी मला 'भांडवल' वाचता येत होतं. देशाचा बाजार उघडला, कारखाना आधी आक्रसला, मग बंद झाला, पण बाबांचा आवाज तसाच राहिला. कराचा प्रत्येक रुपया ते 'हा कुणाच्या कामी येणार' असं विचारून मग भरत. पण भरत. उत्पन्न लपवायचं नाही, हा घरातला कायदा होता. मी सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. भाषण त्यांच्याकडेच राहिलं.

त्या फॉर्मात मोठी रक्कम एकच असे, रोख्यांवरच्या व्याजाची. कारखाना बंद होताना मिळालेल्या एकरकमी पैशांचे बाबांनी रोखे घेतले होते, आईच्या नावावर. दिवाळीच्या पाडव्याला आईने ओवाळलं, तेव्हा त्यांनी तबकात नोट टाकली नाही, रोख्यांची प्रमाणपत्रं ठेवली. तेल लागेल म्हणून आईने ती आधी कपाटात ठेवून दिली आणि मग ओवाळणं पुरं केलं. बाबांना पेन्शन नव्हती. आई म्हणायची, "यांच्यामागे मला कुणापुढे हात पसरायचा नाही." मग माझ्याकडे बघून, "तुझ्यापुढेसुद्धा." तिच्या नावावर जगात तेवढंच होतं.

नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचं व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो, हे मला पहिला फॉर्म भरताना कळलं. रोखे आईचे, व्याज बाबांचं. मी चिडून त्यावर एक लेख लिहिला, तो एका छोट्या मासिकात आलाही. बाबांनी त्यातल्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त करून अंक मला परत दिला. व्याज मात्र दर वर्षी स्वतःच्या फॉर्मात दाखवलं आणि दर सहा महिन्यांनी बँकेतून काढून पाकिटात घालून आईच्या हातात दिलं.

आणखी एक रीत होती. पत्रक छापायला जाण्याआधी बाबा ते आईला वाचून दाखवत. ती जिथे अडेल, तिथे वाक्य बदलत. कारखाना गेल्यावर वाचायला पत्रकं उरली नाहीत, तर ते विवरणपत्र वाचून दाखवू लागले. ओळ न् ओळ, आकड्यांसकट. आई भाजी निवडत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "ठीक आहे, पाठवा."

त्या वर्षी मी कर कापल्याचा दाखला मागितला. व्याज देताना कंपनी त्यातून कर कापून घेते आणि तसा दाखला पोस्टाने पाठवते.

"आला नाही," बाबा म्हणाले. "व्याज गेल्या वर्षीइतकंच लिही. कर कापलेलाच नाही असं दाखव. सगळा आपण भरू."

"कंपनीने कापला असेलच. दुप्पट जाईल, बाबा."

"जाऊ दे."

जाऊ दे, असं ते पोस्टाच्या तिकिटाबद्दलही कधी म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून रोख्यांचं काम बघणाऱ्या कचेरीत फोन लावला आणि आईच्या रोख्यांच्या खात्याचा, फोलिओचा क्रमांक सांगितला. पलीकडच्या बाईंनी बराच वेळ कळा बडवल्या. "मॅडम, या फोलिओवर बॅलन्स निल दिसतोय. ट्रान्सफर झालेत सगळे. दीड वर्ष झालं."

मी त्यांना पुन्हा बघायला सांगितलं. त्यांनी पुन्हा बघितलं.

संध्याकाळी थेट छापखान्यात गेले. बाबा तिथे मुद्रितं तपासायचे, वेळ जावा म्हणून, असं सांगायचे. मला बघताच त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. काही विचारावं लागलं नाही.

कारखान्यातल्या दहा जणांनी ती एकरकमी रक्कम नाकारली होती आणि ते कोर्टात गेले होते. रक्कम घेऊ नका, सही करू नका, असं पत्रक बाबांनीच लिहिलं होतं. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाबांनी स्वतः सही केली होती. माझ्या इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. ते दहा जण अजून तारखांना जात होते. वकिलाचे पैसे संपले, तेव्हा त्यांतला एक बाबांकडे आला होता.

"तुझं पत्रक वाचून थांबलो, एवढंच म्हणाला तो," बाबा म्हणाले. "पैसे मागितलेसुद्धा नाहीत. मीच रोखे विकून दिले."

"आईने सही कशी केली?"

"सहीच्या जागी मी फुली मारून दिली. दर वर्षी काहीतरी फॉर्म असतोच."

"आणि तिला पाकीट मिळतंय ते?"

त्यांनी समोरच्या मुद्रितांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. दीड वर्ष ते छापखान्याचा पगार साठवून, पाकिटात घालून, व्याज म्हणून आईला देत होते. लोक उत्पन्न लपवतात. माझा बाप नसलेलं उत्पन्न दाखवून त्यावर कर भरायला निघाला होता, कारण वाचून दाखवताना ती ओळ गाळता आली नसती.

"तू लिही फक्त," ते म्हणाले. "मी काम करतोय तोवर तिला कळणार नाही."

"आणि नंतर?"

त्यांनी पेन्सिल उचलली आणि पुढचं मुद्रित ओढलं. घरी येताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

रविवारी सकाळी वाचन होतं. फॉर्म मी भरायला लागल्यापासून वाचायचं कामही माझ्याकडेच होतं. आई गवार निवडत होती. मी नाव वाचलं, पत्ता वाचला, छापखान्याचा पगार वाचला. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी फॉर्म दोनदा भरला होता. एकात व्याज होतं, एकात नव्हतं. दोन्ही माझ्या मांडीवर होते. खोटं वाचलं असतं, तर बाबांचा तो आठवडा सुखाचा गेला असता. माझाही गेला असता, हे कबूल करते.

"रोख्यांवरचं व्याज," मी वाचलं, "शून्य."

"नीट बघ. ओळ चुकली असेल."

"नाही चुकली, आई."

गवारीचे तुकडे ताटलीत पडायचे थांबले. मग बाबा बोलले. खिडकीकडे बघतच, पण सगळं बोलले. मध्ये आईने एकदाही 'अहो' म्हटलं नाही. त्यांचं झाल्यावर ती उठली, हात धुतले, चष्मा लावला.

"सही केलेला कागद आहे?"

बाबांनी कपाटातून झेरॉक्स काढून दिली. तिने ती उजेडात धरली.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली. "छान आलीय सही."

"अगं, मी फेडतोय. दर सहा महिन्यांनी..."

"खटला जिंकलात का?"

"चालू आहे."

"पुढची तारीख कधी?"

"बुधवारी."

"मी येते."

बाबा पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "तू कशाला? तिथे बायका येत नाहीत कुणाच्या."

बायकांनी मोर्चात पुढे यावं म्हणून या माणसाने किती पत्रकं लिहिली असतील. मी तोंड उघडणार होते. आईने नुसता हात वर केला.

"पैसे माझे लागलेत. कशाला लागलेत ते बघते."

"त्या दहा जणांना माहीत नाही," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"काय माहीत नाही?"

"पैसे तुझे होते ते. माझ्या वाट्याचे दिले, असं सांगितलंय मी. त्यांनी... हार घातला मला तेव्हा."

छापखान्यात मला सांगताना बाबांनी एवढंच गाळलं होतं. आईने चष्मा काढून पदराने पुसला. चिडली असती, रडली असती, तर मला कमी भीती वाटली असती.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मला सांगायलाच यावं लागेल." आणि माझ्याकडे वळून, "पुढचं वाच."

मी वाचलं. शेवटी ती 'ठीक आहे' म्हणाली नाही. सोमवारी रांगेत उभी राहून मी शून्याचा फॉर्म भरून आले.

सोमवार, मंगळवार बाबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. छापखान्यातही गेले नाहीत. मंगळवारी रात्री आईने ठेवणीतली साडी इस्त्री केली आणि मला विचारलं, कोर्टात बोलायला आधी परवानगी लागते का. मी म्हटलं, आत लागते, बाहेरच्या व्हरांड्यात लागत नाही. "व्हरांडा चालेल," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी मी गॅलरीतून बघत होते. रिक्षा आली. आई आधी बसली आणि सरकून तिने जागा केली. बाबा बराच वेळ रस्त्यावरच उभे होते. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, येताय का?" मग ते बसले.