पहिलं नॉर्मल, मग दुसरं सिझर काऊन?

“मॅडम, सांगा ना त्याइले का नाळ गळ्याले गुंडाळली हाये म्हणून. सिझरशिवाय इलाजच नाही म्हणा.”

वैशाली खुर्चीच्या काठावर बसून हळू आवाजात बोलत होती. सातवा महिना उलटलेला. बाहेर बाकावर तिची सासू पार्वताबाई आणि नवरा गजानन बसले होते. चिखलीत प्रॅक्टिस करताना सिझर नको म्हणून हात जोडणारे मला रोज भेटतात. सिझर करा, आणि त्यासाठी खोटंही बोला, असं सांगणारी ही पहिलीच.

“नाळ कुठेही गुंडाळलेली नाही,” मी म्हणाले. “आणि पहिली डिलिव्हरी नॉर्मल झाली म्हणतेस. मग सिझर कशाला?”

ती खाली बघत म्हणाली, “मले वारा थांबत नाही मॅडम. पातळ संडास झाली तर तेबी थांबत नाही. पोरगं झालं तवापासून.”

मग सगळी गोष्ट तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. बाळ जाडजूड, वेणा लांबलेल्या, शेवटी चिमटा लावून काढलं. त्यात खालची जागा पार संडासच्या वाटेपर्यंत फाटली. आम्ही याला थर्ड डिग्री टिअर म्हणतो. संडासच्या वाटेभोवती स्नायूचं एक कडं असतं, पिशवीच्या तोंडाला नाडी असते तसं. ते कडं तुटलं की धरून ठेवणं अवघड होतं. वैशालीला टाके घातले होते, पण कडं नीट जुळून आलं नव्हतं.

सासरी, हिवरा आश्रमजवळच्या गावात, यातलं कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या आईनेच बजावलं होतं, “माहेरच्या बाळंतपणाले नाव ठेवतीन. तोंड उघडू नको.” म्हणून वैशालीने तोंड उघडलं नाही. एसटीने जाणं टाळलं, लग्नाकार्यात पंगतीतून उठून गेली, बायकांच्या घोळक्यात बसेना. सून घमेंडी आहे, असं गावात ठरून गेलं.

मला राग आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी हातमोजे घातले आणि तिला तपासलं. पकड सैल होती. कड्याची सोनोग्राफी आमच्याकडे होत नाही, त्यासाठी तिला संभाजीनगरला पाठवलं. जुन्या टाक्यांची तपासणी आहे, एवढंच तिने गजाननला सांगितलं. तो बिचारा एक शब्द न विचारता घेऊन गेला. रिपोर्टमध्ये कड्यात मोठी फट दिसत होती.

पुढच्या व्हिजिटला मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. असं फाटल्यावर पुन्हा नॉर्मल डिलिव्हरी होऊन ठणठणीत राहिलेल्या बायका पुष्कळ आहेत. पण त्यांचं कडं जुळलेलं असतं, त्रास नसतो. हिच्या बाबतीत दुसऱ्या वेळी ताण पडला तर उरलासुरला ताबाही जाण्याची भीती होती. दुसरीकडे सिझर म्हणजे पोटाचं ऑपरेशन. रक्तस्राव, इन्फेक्शन, पुढच्या गरोदरपणातली काळजी, सगळं आलंच.

“तुमची पोरगी असती तर काय केलं असतं?” तिने विचारलं.

“माझ्या पोरीने माझं ऐकलंच नसतं. तू सांग.”

ती हसली आणि लगेच रडली. “सिझर. पुन्हा ते नाही पाहिजे मले. आहे तेवढं तरी वाचवा.”

उरला खोटं बोलायचा प्रश्न. तत्त्व वगैरे बाजूला ठेवा. चिखलीत सोनोग्राफीवाले काय कमी आहेत? शंका आली असती तर सासूने हिला दुसरीकडे नेलं असतं, तिथे नाळ मोकळी निघाली असती, आणि नॉर्मल तिथेच झाली असती.

“मी खोटं बोलणार नाही,” मी म्हणाले. “पण तू हो म्हटल्याशिवाय खरंही सांगणार नाही.”

तिने पदराचं टोक पिळलं. “मीच सांगते. पण तुम्ही इथंच बसा.”

पार्वताबाई आत आल्या त्या तयारीनेच. “पहिलं नॉर्मल झालं न मॅडम? मंग आता सिझर काऊन? दवाखानेवाल्याइचं समजते आम्हाले.”

माझ्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात वैशाली बोलायला लागली. अडखळत, पण सगळं बोलली. गजानन दारातच उभा राहिला. त्याला आत यावं की जावं, सुचेना.

“म्हून तू आपल्या चंदाच्या लग्नात जेवता जेवता उठली?” पार्वताबाईंनी विचारलं.

“हाव, मामी,” वैशाली सासूला म्हणाली.

“अन् मी तुले चारचौघीत नाही नाही ते बोलली.”

मग त्या गजाननला म्हणाल्या, “विहीनबाईले फोन लाव.” झालं, आता विहिणी-विहिणींची जुंपणार, असं मला वाटलं.

“विहीनबाई, पोरीचं इतकं झालं अन् मले सांगतलं नाही? मी काय वाघीण हाओ, खाल्लं असतं तिले?” तिकडून रडण्याचा आवाज येत होता. “आता रडू नका. ऑपरेशनच्या दिवशी या. अन् डिंकाचे लाडू तुम्हीच करा, माह्ये कडक होतेत.”

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, “सिझर केल्यावर हे बरं होईन का?”

“नाही मावशी. आणखी बिघडू नये म्हणून सिझर. सुधारायला व्यायाम आहे. लागलंच तर पुढे त्या कड्याचीही दुरुस्ती करता येते.”

“करा मंग. पोटाचा टाका दिसते तरी. लोकं बाईले निजू तरी देतात.”

ऑपरेशन सुरळीत झालं. मुलगी झाली, बाहेर येताच जोरात रडली, आणि मला खरंच हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंग बघत होते. भेटायला आलेली भावकीतली एक बाई पलंगाशी उभी राहून म्हणाली, “पहिलं नॉर्मल अन् दुसरं सिझर! आजकालच्या पोरीइले वेणाच नाही सोसत.”

वैशालीचं पोट माझ्या हाताखाली घट्ट झालं.

“तिले काऊन म्हणता?” पार्वताबाई म्हणाल्या. “मीच मॅडमच्या मांगं लागली होती, सिझर करा म्हणून. मले भेव वाटे.”

वैशालीने मान भिंतीकडे वळवली. टाके दुखत होते तरी ती हसत होती.

त्यानंतर ती नेमाने व्यायाम करते आहे. ताबा सैल झालेला नाही, उलट थोडा सुधारला आहे. मी मात्र ‘पहिली डिलिव्हरी नॉर्मल’ एवढं लिहून आता मोकळी होत नाही. त्यानंतर संडास-लघवीला कसं आहे, हेही विचारते. विचारण्याआधी सासूबाई आत हव्यात की बाहेर, हे सुनेला विचारते. बहुतेक जणी बाहेर म्हणतात. मग मी दार लावून घेते, आणि घाई करत नाही.