दगडावरचा हात

आमच्या पिंपळनेरच्या देवघरात एक दगड आहे. आहे कसला, होता. मुठीत मावेल एवढा, दुधी, आणि आत काळं झाड. झाडाला फांद्या, फांद्यांना तशाच बारीक फांद्या, त्यांनाही आणखी बारीक. विहीर खोदताना आजोबांना सापडला म्हणे. माय त्याला रोज आंघोळ घालायची. मी जळगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले तेव्हा कळलं, की आमच्या देवाच्या पोटातल्या या नक्षीला फ्रॅक्टल म्हणतात. भिंग लावा, आणखी मोठं भिंग लावा, झाड तेच.

मायने ठरवून टाकलं होतं, की ती गेली की दगडही पांझरा नदीत सोडायचा. भाऊंनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मान डोलावली. मला कुणी विचारलंच नाही. माझा जीव त्या दगडात, आणि माझ्या हाती काहीच उरणार नव्हतं. फोटो काढून पाहिले, पण फोटोत सगळ्या फांद्या चपट्या होतात. दगडात त्या पुढेमागे आहेत, एक दुसरीच्या आडून डोकावते. ती खोली होलोग्रामच धरू शकतो. म्हणून मी हट्टाला पेटले, की मायच्या हयातीतच दगडाचा होलोग्राम करायचा.

माय तयार झाली. पण आमच्या घरची रीत अशी, की देव देवघरातून उठला की परत बसेपर्यंत घरातल्या कुणाचा तरी हात त्याच्यावर हवा. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नव्हता, मग ती स्वतःच निघाली. धुळ्यापर्यंत आणि धुळ्याहून जळगावपर्यंत, दोन्ही एसटींत दगड मांडीवर आणि हात दगडावर. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायली.

आमच्या प्रयोगशाळेत सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो, काही म्हणता काही हलू नये. जमिनीवर हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा, त्यांवर वाळूची पेटी, वाळूवर जाड लोखंडी पाट. लेसरचा लाल उजेड भिंगाने पसरवून काचेच्या प्लेटमधून दगडावर पाडायचा. जाणारा उजेड आणि दगडावरून परतणारा उजेड प्लेटच्या थरात एकमेकांना भिडतात, आणि त्या भिडण्याची खूण तिथे उमटते. तेवढे काही क्षण दगड केसभरही हलला की खेळ खलास. शेजारी डाळ मिल, म्हणून तिच्या सुट्टीचा दिवस धरला होता. तरी आदल्या दिवशी साध्या खड्यावर चाचणी घेताना रस्त्यावरून ट्रक गेला आणि एक प्लेट वाया गेली. आता एकच उरली होती, आणि कॉलेजने या प्लेटी मागवणं कधीच बंद केलं होतं.

दगड पाटावर मेणाने चिकटवला. देवाला चिकटवतात का, म्हणून माय आधीच फुगली होती. तिला मी शंभरदा सांगितलं, की प्लेट लावायला घेतली की हात काढायचा, दगडाला एकट्याला राहू द्यायचं. तिने हात मागे घेतला. मी खोली अंधारी केली, प्लेट लावली, सगळं स्थिर व्हायला वेळ दिला आणि श्वास रोखून लेसरसमोरचा काळा पुठ्ठा उचलला. लाल उजेडात पाहते तो काय, मायचा हात दगडावर!

ओरडावं तर आवाजानेही पाट थरथरणार. डोकं असं फिरलं म्हणून सांगू, पण तोंड गच्च मिटून उभी राहिले. पुठ्ठा परत ठेवला आणि मग जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. माय एवढंच म्हणाली, "देवले एकला कसा सोडू?"

प्लेट धुतली, वाळवली, खिडकीतल्या उन्हात धरली. काचेच्या मागे दगड तरंगत होता, फांदीआडची फांदी दिसत होती, मान हलवली की मागची पुढे येत होती. आणि त्यावर पाच बोटांचा काळाकुट्ट आकार. हात उमटलाच नव्हता, हाताच्या जागी नुसता अंधार होता.

"मना हात कोठे शे?" मायने विचारलं.

माझा राग अजून नाकावर होता. तरी सांगितलं, की जिवंत माणसाचा हात कितीही स्थिर ठेवला तरी आतून हलतच असतो, आणि जे हलतं ते यात येत नाही. तिथे काळं राहतं.

मायने काच पुन्हा उन्हात धरली, बराच वेळ पाहिली.

"मंग मी जित्ती शे," ती म्हणाली, आणि हसली.

ती त्याच हिवाळ्यात गेली. मायची राख पांझरेत सोडल्यावर भाऊंनी दगड पाण्यात धरला, आणि तो तळाला टेकेपर्यंत हात त्याच्यावरून काढला नाही. मी काठावर उभी राहून रडले.

काच माझ्याकडे आहे. विद्यार्थी बघायला मागतात. प्लेटवर बोटं ठेवली म्हणून मी जन्मभर पोरांवर खेकसले आहे. ही प्लेट मात्र कपाटातून निघाली की परत जाईपर्यंत माझा हात तिच्यावर असतो.