हिवरखेडच्या बागेवर, नजरेच्या पलीकडे

मी जाणार नव्हते. पण उज्ज्वलाचा फोन आला, "फक्त दोन दिवस, तू नकाशा बघ, मी उडवते," आणि नाही म्हणायला पटेल असं कारण सापडलं नाही. उज्ज्वला माझी कॉलेजातली मैत्रीण. अकोल्याला बँकेत आहे. नोकरी सोडून तिला संत्र्याच्या बागांचे ड्रोनवरून नकाशे करून द्यायचे आहेत, कुठली झाडं सुकताहेत ते वरून दाखवायचं. हिवरखेडमधले सगळे बागायतदार तिच्या बाबांना मानतात. त्यांनी शब्द टाकला तर कामं मिळतील, नाहीतर नाही. बाबांची अट एकच होती: आधी आपल्या बागेवर करून दाखव.

अमरावतीहून परतवाडा, अंजनगाव, अकोट अशी एसटी घेतली. महिलांना निम्मं तिकीट लागतं. रस्ता अंजनगावपर्यंत बरा आहे, पुढे पाठीची काळजी घ्या. ड्रोनच्या बॅटऱ्या मांडीवरच्या पिशवीत ठेवा, डिकीत टाकू नका. अकोटच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. तिखट होता, पण ताजा. तिथून हिवरखेडला जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, भरल्यावरही लगेच निघत नाही.

दारात जयभीम झाला. काका, म्हणजे उज्ज्वलाचे बाबा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी आणि भाकर होती. जेवताना काका म्हणाले, "बँकेची नोकरी सोडून खेळणं उडवाचं. मले तं काई समजत नाई." उज्ज्वला म्हणाली, "उद्या पाहा ना बाबा, मंग बोला." काकूंनी माझ्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

सकाळी मी टॅब्लेटवर मार्ग आखला: झाडांच्या ओळींना समांतर सरळ रेषा, नाल्यापर्यंत जाऊन परत. नियमानं ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेत राहायला हवा. बाग लांबट आहे, शेवटचं टोक आमच्या जागेवरून दिसत नाही. म्हणून मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काकांना फोन देऊन उभं केलं. यानं नियम पाळला जात नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते, तेव्हा आमचं अनुकरण करू नका. उत्तरेच्या डोंगरांकडे, म्हणजे मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाकडे, तर अजिबातच नेऊ नका.

"काका, नजर हटवू नका."

"पोरी, ड्रायव्हरची नजर हाय."

पहिल्या ओळी नीट झाल्या. नाल्याजवळच्या झाडांमागे गेल्यावर पडद्यावरचं चित्र गोठलं आणि ड्रोनचा ठिपका नकाशावर थांबला. उज्ज्वलानं माझ्याकडे पाहिलं. मी काकांना फोन लावला.

"ड्रोन दिसतोय का?"

"दिसून राह्यला ना! मस्त उंच हाय. मोठेमोठे गोल घेऊन राह्यला."

उज्ज्वलानं श्वास सोडला. मी नकाशा पाहिला. मी आखलेल्या मार्गात गोल नव्हता.

"काका, तो ड्रोन नाही."

"कावून नाई? मी काय आंधळा हाव?"

"पंख हलतात का बघा."

 मग काका हळू आवाजात म्हणाले, "हलवला एकडाव."

ती घार होती.

संपर्क तुटला तर ड्रोननं आहे तिथेच उतरावं, अशी सोय मी आदल्या संध्याकाळी लावली होती, कारण परतीच्या सरळ रेषेत विजेची मोठी लाईन आहे. म्हणजे तो शेवटच्या ठिपक्याच्या आसपास असणार, किंवा नाल्यात. नकाशावरची पायवाट प्रत्यक्षात नव्हती, तिथे छातीइतकी तूर होती. फोनवरचं अंतर कमी होताना पाहत आम्ही ओळींतून गेलो.  ड्रोन तुरीत अडकला होता. एक पातं मोडलं होतं, कॅमेरा शाबूत होता.

दुपारी लॅपटॉपवर बागेचा नकाशा जोडला. शेवटच्या ओळी राहिल्या होत्या, बाकी एकेक झाड दिसत होतं. काका बराच वेळ पाहत राहिले. पिवळी पडलेली झाडं त्यांनी बोटानं दाखवली. मग माझ्याकडे वळले.

"मी सांगलं दिसून राह्यला, अन् हिनं मानलं नाई. तोंडावर सांगलं, नाई म्हनून."

"मग बाबा?" उज्ज्वलानं विचारलं.

"मंग काय! तू तं मानलं होतं." काका हसले. "हे पोरगी संग असन तं सोड नोकरी. मी बोलतो सगळ्याईशी. एकटीनं नाई."

माझं मत कोणी विचारलं नाही, आणि मी दिलं नाही.

आता अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या खोलीत हे लिहिते आहे. खाली क्लासच्या मुलांच्या गाड्या सुटल्या आहेत. प्रवास म्हणाल तर सोपा, हिवाळ्यात जा. माझ्यापुरतं राहिलं ते वेगळंच: काकांवर विश्वास ठेवणं किती सोयीचं होतं, आणि उज्ज्वलानं तो किती पटकन ठेवला. चांगली माणसं भागीदार म्हणून धोक्याची असतात. तिनं दोनदा फोन केला. पुढच्या रविवारी शेजारच्या गावात बाग आहे म्हणे. मी होकार कळवलेला नाही. नजरेपलीकडे उडवण्याच्या परवानगीसाठी काय काय लागतं, ते मात्र काल रात्री वाचून काढलं.