मागची काच

किसनतात्यांकडे गाडी नेली की ते आधी बॉनेट उघडत नसत. मागच्या सीटवर जाऊन आडवे होत, डोळे मिटत आणि म्हणत, "चालवा तुमी. मी मागं पडतो." भरे गावाच्या फाट्याजवळ त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी दुरुस्तीला आणावी आणि मेकॅनिकनेच त्यात ताणून द्यावी, हे बघून नवं गिऱ्हाईक भांबावून जाई. पहिल्या वेळी माझाही चेहरा तसाच झाला असणार.

"पुढं बसनारा रस्ता बगतो," ते सांगत. "गाडीचं दुखनं मागं बसनाऱ्याला म्हाईत."

आमची गाडी म्हणजे बाबांची जुनी स्टेशन वॅगन. सायीच्या रंगाची, लांब पाठीची. मागची सीट पाडली की आत एक छोटी खोलीच तयार होई. बाबा गेल्यावर वाईचं घर बंद करून आईला मी माणला, माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं. माझी नोकरी तिथून जवळच, हिंजवडीत. गाडीही सोबत आली, कारण ती विकायची गोष्ट काढली की आई जेवायची नाही. दर रविवारी आम्ही दोघी घोटावड्यावरून मुळशीच्या पाण्याकडे जायचो. आईचा खुबा एकदा मोडला होता, तिला फार वेळ बसवत नसे. म्हणून मी मागे गादी घातली होती. तिला वारा लागावा म्हणून मागच्या, डिकीच्या दाराची काच आवर्जून उघडी ठेवायची. एकदा ती म्हणाली, गाडीत कसलातरी वास येतो, तर मी सोनचाफ्याची फुलं आणून तिच्या उशाशी ठेवली. किती काळजी घेते मी आईची, असं मला वाटायचं!

पौड मागे पडलं की आईचा डोळा लागे. धरणाजवळ मी तिला उठवी तेव्हा ती कुठून तरी फार लांबून परत येत असे. चेहरा लहान मुलीसारखा मऊ. "आई भेटली गं," ती म्हणे. "घाटावर उभी होती, कळशी घेऊन. कृष्णेचं पाणी इतकं निवळ होतं!" समोर मुळशीचं पाणी पसरलेलं, त्यावर धुकं, आणि आई त्याच्याकडे बघत वाईत हरवलेली. मला तिचा हेवा वाटायचा.

पण मग तिचं डोकं ठणकायला लागे. शब्द सापडत नसत. एका रविवारी तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, "आपण कुणाकडे आलोय?" त्या दिवशी घरी येऊन मी न्हाणीघरात रडले. आई विसरायला लागली, आता ती अशीच थोडी थोडी जाणार, अशी मी मनाची तयारी करू लागले.

तात्यांकडे मी पहिल्यांदा गेले ती सायलेन्सर खडखडतो म्हणून. आई त्या दिवशी घरी होती. तात्या मागे चढले, गादीवर पडले, आई ठेवायची तिथेच त्यांनी डोकं ठेवलं. "काच अशीच अस्ती व्हय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. पिरंगुट ओलांडून आम्ही कासार आंबोलीपर्यंत आलो आणि मागून सीटवर गुद्दे बसू लागले.

"थांबवा! थांबवा म्हन्तो न्हवं!"

तात्या उतरले ते रस्त्याकडेच्या गवतात जाऊन बसले. बराच वेळ डोकं धरून होते. डोळ्यांत पाणी होतं.

"हितं कोन झोपतं?"

"आई."

"काच उगडी ठिवून?"

"तिला वारा लागावा म्हणून..."

"वारा!" तात्या ओरडले. "धुराला आवतान दिलंय तुमी, ताई. गाडी पळती तवा धूर तिच्या पाठीशी घुटमळतोय. मागची काच उगडी घावली की निगाला आत. तुमी पुढच्या काचंपाशी, तुमास्नी कळत न्हाई. आन वर फुलं ठिवल्यात, वास कळू ने म्हनून! म्हातारी झोपत न्हाई, गुंगतीया. आजून जरा लांबचा रस्ता असता तर उठलीबी नसती. आदी दवाखाना, मंग गाडी."

ज्या हातांनी मी फुलं ठेवली होती त्या हातांकडे बघवेना.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गाडी बंद ठेवा म्हणाले. तीन आठवड्यांत आईचं डोकं लख्ख झालं. मालिकेत कोण कुणाची सून हे तीच मला समजावून सांगू लागली, आणि माझ्या आमटीला नावं ठेवायलाही विसरेना.

तोवर गाडी तात्यांच्या शेडमध्ये होती. त्यांची तपासायची रीत मी तेव्हा पाहिली. शेडमध्ये जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असे. आख्ख्या मुळशीतली लग्नं त्या गठ्ठ्यात होती. पत्रिकेची पट्टी कापायची, दाराच्या रबरात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट बसली तर रबर शाबूत. आमच्या मागच्या दारातून 'श्री गजानन प्रसन्न' अलगद बाहेर आलं. "हे बगा आवतान," तात्या म्हणाले. मग त्यांनी नवं रबर बसवलं, तळाची भोकं बुजवली. गंजून तुटलेला धुराचा नळा बंपरखालीच संपत होता, तो बंपरच्या पार बाहेर काढला. "हवा पुढनं घ्यायची," त्यांनी मला बजावलं. "मागची काच उगडाय गेला तर हात तोडीन."

गाडी घ्यायला आई माझ्याबरोबर आली. तात्यांसमोर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुम्ही माझा जीव वाचवलात म्हणे. पण खरं सांगू? मला ती गाडी पहिल्यासारखीच हवी होती. माझी आई भेटायची हो मला तिथे."

तात्या फडक्याला हात पुसत राहिले. मग तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आक्का, त्या दिशी मी बी मागं पडलो व्हतो. मला आमची मंडळी दिसली. सा वर्सं झाली तिला जाऊन. हिरवं लुगडं, हितं चुलीपाशी बसलेली. उतरूच ने वाटलं बगा."

"मग का उतरलात?"

"ती बोलंना. लई हाका मारल्या. नुसती बगत व्हती." तात्यांनी आईकडे पाहिलं. "तुमची आई बोलायची का?"

आईने मान हलवली. "नाही. कधीच नाही बोलली."

"मंग? बोलाय जितं मानूस लागतंय, आक्का. ही लेक पुढं एकलीच गाडी हाकतीया. तिच्यासंगं बोला."

त्यानंतर आई पुढे बसू लागली. सीट मागे कलती करून, खुब्याखाली उशी घेऊन. वाट संपे, तिच्या गोष्टी संपत नसत.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. दुपारी जेवून शेडमध्येच कलंडले ते उठले नाहीत. त्यांच्या दहाव्याला आम्ही दोघी नदीवर गेलो. ज्यांच्या गाड्या त्यांनी झोपून तपासल्या होत्या ते सगळे तिथे उन्हात उभे होते. मला तात्यांची फार आठवण आली, आजही येते.

परतताना घोटावड्याच्या अलीकडे आई म्हणाली, "तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता."

माझं वय बावन्न. मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

"अकरा दिवस होता," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाळणा सजवून झाला होता. मग सगळे म्हणाले, नावच नाही ठेवलेलं, तर आठवण तरी कशाची काढायची? मी नाही काढली कुणापुढे."

मी गाडी कडेला घेतली. शेजारून कंपनीची बस धडधडत गेली.

"काय नाव ठेवणार होतीस?"

आई समोर रस्त्याकडे बघत होती. डोळे टक्क उघडे.

"माधव," ती म्हणाली. आणि मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "माधव."