बेज रंगाचे पडदे

अमेरिकेत नेपरव्हिलला आले तेव्हा माझ्याकडे इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा होता, पुण्यात एका आर्किटेक्टकडे केलेल्या कामाचा अनुभव होता, आणि पासपोर्टवर नवऱ्याच्या जिवावर मिळालेला व्हिसा होता. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. स्वयंपाक करा, लायब्ररीत जा, बर्फ बघा. पहिल्या हिवाळ्यात मी आमच्या भाड्याच्या अपार्टमेंटमधलं फर्निचर इतक्या वेळा हलवलं, की खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळा संपता संपता नवरा एका शनिवारी म्हणाला, "अगं, ऑफिसमधला एक जण जुना ट्रॅव्हल ट्रेलर काढून टाकतोय. साठ सालच्या आसपासचा. आतून पार कुजलाय. तुला करायचाय का नीट?"

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. मी असले रस्त्यावर जाताना पाहिले होते. मी विचारलं, "म्हणजे आपला होणार?"

"मग कोणाचा?" तो म्हणाला.

हे त्याचे शब्द. मी एक अक्षरही बदललेलं नाही.

आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये असलं काही उभं करू देत नाहीत. म्हणून तो गेला ओळखीच्या काकूंकडे. काका-काकू मूळचे नागपूरचे, इथे येऊन जन्म गेलेला, गावाच्या जुन्या भागात घर, मागे भरपूर जागा. काकूंनी ट्रेलरला एक फेरी मारली, आत डोकावल्या आणि नाकाला पदर लावल्यासारखी स्वेटरची बाही लावली. "बापरे! अगं पोरी, ह्यात माणसं राहायची का कोंबड्या?"

मला मात्र तो बघताक्षणी आवडला. दोन्ही टोकांना गोलसर, आत एका बाजूला टेबल आणि दोन बाकं, मागे पलंग, मध्ये हातभर ओटा आणि दोन बर्नरची शेगडी. माझं सगळं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तो घेऊन उत्तरेला जाणार, सुपीरियर लेकच्या काठाने, जिथे आवडेल तिथे मुक्काम. ह्या देशात माझं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं. बँकेतलं खातं त्याचं, गाडी त्याच्या नावावर, आमंत्रणंसुद्धा त्याच्या ऑफिसची. हा ट्रेलर माझा होणार होता, माझ्या हातचा.

छताच्या झडपेतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. भिंतींच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, हात लावला की भुगा. मी ते सगळं खरवडून काढलं. नवीन प्लाय कापायची तर तिथे एकही भिंत सरळ नाही! काटकोन बघायचा गुण्या लावणार कुठे? पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, एकीला एक चिकटवत, गोलाईचा खाका काढायचा, तो प्लायवर ठेवायचा, कापायचं, आत नेऊन बघायचं, नाही बसलं की परत कानस. पहिल्याच भिंतीला मी रडकुंडीला आले. चौथी भिंत पहिल्या फटक्यात बसली तेव्हा मी एकटीच आत ओरडले, काकू धावत आल्या, त्यांना वाटलं बोट गेलं.

आणि नवरा? तिथे तर खरी गंमत. ह्या माणसाने लग्नानंतर घरातल्या एकाही वस्तूबद्दल कधी मत दिलेलं नव्हतं. "तुला आवडेल ते कर" हे ह्याचं ठरलेलं उत्तर. चादर कुठली, तर तुला आवडेल ती. ट्रेलरमध्ये मात्र त्याला एकदम मतं फुटली.

मला पडदे माझ्या जुन्या इरकल साडीचे करायचे होते. हिरव्या साडीला लाल काठ, त्या पिवळसर लाकडावर काय खुललं असतं! तो म्हणाला, "नको यार, बेज कर. साधं, शांत."

"बेज? तो फिका मातकट रंग? रुग्णालय आहे का?"

"मला बेज आवडतं," तो म्हणाला. मी चाट पडले. ह्याला आवडीचा रंग आहे!

मग म्हणाला, पलंग लांब कर. आता आमचे हे उंचीने माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, बस्स. मी हसले, "तू केवढा, पलंग केवढा?" तर म्हणे पाय पसरून झोपायचंय सुट्टीत. त्या पलंगापायी मला ओटा आखूड करावा लागला. टेबलाखाली मी कुकर आणि परात ठेवायला खण करणार होते. तो म्हणाला, तिथे मोकळी जागाच ठेव, चपला-बूट राहतील. केली मोकळी. सामान आणायला मात्र त्याने एकदाही का-कू केलं नाही. उत्तम प्लाय आण, उत्तम फोम आण.

मी काय समजले सांगू? मला वाटलं, हा माझ्या कामात आला. मी काही करतेय आणि ह्याला त्याचं काही वाटतंय. संध्याकाळी तो घरी आला की मी चहा टाकायच्या आधी त्याला सांगत बसायची आज काय झालं ते, आणि तो विचारायचा, "पडद्यांचं झालं का? पलंगाचं कुठवर आलं?" पुण्याला आईला फोनवर मी म्हटलंसुद्धा, आता आमचं छान चाललंय. त्या बेज कापडाला शिवण घालताना मी सुखात होते. अगदी मूर्खासारखी सुखात.

हिवाळाभर कपाटांची दारं काकूंच्या बेसमेंटमध्ये झाली, गाद्यांच्या खोळी घरी झाल्या. मे महिन्यात ट्रेलर पुरा झाला. एका शनिवारी मी काका-काकूंना आत बोलावलं, चाकांवरच्या घराची वास्तुशांत म्हणून. उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, काकांनी नारळ फोडला, शेगडीवर पहिला चहा ठेवला. नवरा हार्डवेअरच्या दुकानात काही आणायला गेला होता.

चहाला उकळी येतेय तोवर बाहेर पिकअप ट्रक थांबला. त्यातून नवऱ्याचा मॅनेजर उतरला. हा उंच माणूस, दारातून वाकून यावं लागेल असा. बरोबर त्याची बायको आणि एक मोठा पिवळा कुत्रा. मला वाटलं, बघायला आले. मी हसत बाहेर गेले.

बायकोने आत पाऊल टाकलं आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. म्हणाली, माझ्या वडिलांचा ट्रेलर, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या ह्यात गेल्या. मग पडद्याला हात लावून म्हणाली, "अगदी मी सांगितला होता तोच बेज." मॅनेजर पलंगावर आडवा झाला. पाय बरोबर मावले. त्याने ट्रकमधून कुत्र्याची गादी आणली आणि टेबलाखालच्या मोकळ्या जागेत सरकवली. तिथे ती फिट्ट बसली, आणि कुत्रा जाऊन तिच्यावर बसला.

मी हातात गाळणं धरून उभी होते.

"पुढच्या आठवड्यात न्यायचं ठरलं होतं," ती बाई म्हणाली, "पण आम्हाला राहवेना. तुमचे आभार कसे मानू? तुमचा नवरा म्हणाला होता, ती घरी बसून कंटाळते, तिला हे दिलंत तर तिचा वेळ जाईल. सामानाचे पैसे आम्ही दिले, पण ही मेहनत!" आणि तिने मला मिठी मारली. चांगली बाई होती. तिला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे.

काकूंना इंग्रजी कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गॅस बंद केला.

नवरा आला तेव्हा ट्रक बघून गेटपाशीच थबकला. मी पाहुण्यांना आत बसवलं. चहा दिला, बशीत खोबऱ्याचे तुकडे दिले, कपाटांच्या कड्या कशा लागतात तेही दाखवलं. ट्रेलर ट्रकला जोडला गेला आणि वळणावरून दिसेनासा झाला. मग मी त्याच्याकडे वळले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"मी विचारलं होतं ना आपला का म्हणून?"

"अगं, ऐक तरी. ऑफिसात लोकांना काढतायत. ग्रीन कार्डचं सगळं त्याच्या हातात आहे. तो म्हणाला बायकोला हा नीट करून हवाय, तर मी बोलून गेलो, माझी बायको करेल. मी आपल्या दोघांसाठीच केलं. आणि तुला आवडत होतं ना ते काम?"

"त्याने तुला विचारलं होतं का, की बायकोला लाव म्हणून?"

"नाही. पण बरं दिसतं ना."

बरं दिसतं! साहेबाच्या घरी पूर्वी मिठाईचे पुडे जायचे, ह्याने बायको पाठवली. आणि खोटं बोलायची गरजच नव्हती, हे मला जास्त लागलं. मला सांगितलं असतंस ना, मी म्हणाले, की साहेबाचं काम आहे, आपल्याला गरज आहे, तर मी केलं असतं, इतकंच छान केलं असतं. पण तू रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून त्यांच्या आवडी तुझ्या म्हणून सांगत होतास. त्यावर तो म्हणाला, "एवढं काय त्यात?" काकू आतून बाहेर आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू घरी जा बाबा. ही आज इथेच जेवेल."

नोकरी टिकली. ग्रीन कार्डही यथावकाश आलं. मी एका किचनच्या शोरूममध्ये डिझाइन करायला लागले, तिथे माझं बरं चाललं. मग आम्ही घर घेतलं. पहिल्या दिवशी रिकाम्या स्वयंपाकघरात तो खिडकीपाशी उभा राहिला, बाहेरची मेपलची झाडं बघत. म्हणाला, "इथे बसायला एक बाक कर ना. पिवळी गादी घाल. मला पिवळा आवडतो."

मी म्हटलं, "कोणाला आवडतो?"

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. "अगं, मला," तो म्हणाला, "खरंच मला." कदाचित खरंही असेल. माझ्या हातात टेप होती. मी माप घेतलं नाही.