जर्मनचा पेला

"वंजळ धर गं. किती येळ हुबी ऱ्हाऊ मी?"

पाटलीनबाई वट्यावर. हातात तांब्या, पदर आवरून धरल्याला, माझा वारा लागू नये म्हनून. मी खाली अंगनात उकिडवी बसल्याली. भातकापनीचे दिस. सकाळपास्नं वाकून वाकून कंबर मोडल्याली, आन् ऊन असं की टाळू तडकावी. आमच्या बौद्धवाड्यातल्या आमी चौघी-पाचजनी रांगेनं बसलो व्हतो. रीतच व्हती ती. कापनीच्या दिसात दुपारचं पाटलाच्या अंगनात जायाचं. पाटलीनबाई वरनं गुळाचा खडा पदरात टाकनार, मग वरनं पानी वतनार. वंजळीला तोंड लावून प्यायचं. मधी दम खायचा न्हाई. दम खाल्ला की धार बंद, आन् दुसरीची पाळी.

म्या पदरातला गूळ बघितला. मला गूळ चालत न्हवता. गटागटा पानी बी चालत न्हवतं. चैत्रात पुन्याला माझ्या पोटाचं आपरेशन झालं व्हतं, अर्धं पोट कापून काढलं व्हतं.

म्हनलं, "बाई, गूळ नगं मला. आन् पानी वाईच दमानं वता. घोट घोट प्यायला सांगितलंय डागदरनं."

"आगं बया! डागदरनं?" पाटलीनबाई हसली. "मग चांदीचं फुलपात्र आनू का? पाट मांडू का बसायला? ऐकलं का वो, महारनीला आता पाटलाचा गूळ गोड लागंना!"

आमी बौद्ध हून धा-बारा वर्सं झाली व्हती. तिच्या तोंडात मातूर तेच.

शेजारनीनं मला कोपरानं ढोसलं. "खा गं बाई. उगा कशाला सगळ्यांचं वाईट." म्या गूळ खाल्ला. वंजळ धरली. धार पडली, प्याले. एका दमात, सगळं.

सावलीला वाईच टेकलो असू. आदी पोटात कळ आली. मग छाती अशी धडधडाया लागली की शेजारनीला ऐकू जावी. घामानं चोळी भिजली. डोळ्याम्होरं अंधारी. उठाया गेले तर पाय लटपटलं, आन् मी तितंच अंगनात आडवी झाले. गूळपानी सारं भाईर पडलं.

पाटील भाईर आला. म्हनला, "पिऊन आलीय का काय ही? दिसाढवळ्या?"

पाटलीनबाई वट्यावरनं वरडली, "माझं अंगन बाटवलं रांडंनं. सारवून घ्या तिच्याकडनं. सारवल्याबिगर हलू देऊ नगा."

गड्यानं लांबनं शेनाचा पो फेकला. म्या माझं वकलेलं माझ्या पदरानं टिपलं आन् त्याच्यावर सारवलं. सगळी बघत व्हती. मला वाटलं, भुई फाटावी. भुई काय फाटत न्हाई. आपल्यालाच उठावं लागतं.

हे बहात्तरच्या दुष्काळाच्या आदीचं. आमचं गाव हिर्डोशीच्या बी वर, वरंध्याच्या वाटंला. यष्टी मिळाली तर मिळाली, न्हाईतर चालायचं.

माझं पोट लई वर्सं दुखत व्हतं. खाल्लं की आग, न खाल्लं की आग. मागनं मागनं तर खाल्लेलं पोटात ऱ्हाईनाच. डागदर म्हनला, पोटात जखम झालीय. कशानं झाली ते त्यानं काय मला नीट सांगितलं न्हाई. पन मी कशी जेवत व्हते ते मला ठाऊक. दिसातनं एकदा. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीम्होरं, आंधारात चाचपून. न चावता गिळायचं, वर तांब्याभर पानी, की पोट भरल्यागत वाटतंय. ल्हानपनी लग्नाघरच्या उष्ट्यासाठी आय आमाला घिऊन बसायची. पत्रावळ्या भाईर पडल्या की कुत्र्यांच्या आदी हात घालायचा. "चावत बसू नगस," आय म्हनायची, "गीळ." मग आमी बौद्ध झालो, आन् उष्टं बंद झालं. आयनं सोता बंद केलं, छातीवर हात ठिवून सांगते. पन गिळायची सवय अंगातनं ग्येली न्हाई. ती माझ्यासंगं सासरी आली.

पुन्याच्या दवाखान्यात टाकं काढल्यावर डागदर खाटंपाशी आला. म्हनला, "बाई, तुमचं अर्धं पोट काढलंय. आता सवयी बदलाव्या लागतील. थोडं थोडं खा, दिवसातनं पाच-सहा वेळा. बारीक चावून, पेज होईपर्यंत. जेवताना पाणी नको. पाणी मागनं प्या, घोट घोट. गूळसाखर बंद. हे चार दिवसांचं नाही. जन्मभराचं आहे."

मला 'तुमी' म्हननारा पयला मानूस तो. आन् नर्सबाईनं जर्मनचा, म्हंजी अल्युमिनचा, पेला माझ्या हातात दिला. तिच्या हातातनं माझ्या हातात. म्या वंजळ फुडं केली व्हती, सवयीनं. ती हसली न्हाई. तिनं माझी बोटं पेल्याभवती धरली. तवा मला रडू आलं. कशाचं ते तवा उमगलं न्हाई.

येताना तसाच एक पेला भोरच्या बाजारातनं घेतला.

घरी सासूनं कपाळाला हात लावला. "आगं, बाप्यांच्या आदी बाईनं खायाचं? आन् दिसातनं पाच बारी? रानीसाहेब हायेस व्हय?" मालक घाटातल्या रस्त्यावर खडी फोडायला जायाचा. तो चपला घालता घालता म्हनला, "खाऊ दे तिला. मेली तर रांधील कोन?" त्याचं परेम हे असं. पन सासू गप झाली.

म्या सोताला शिकवलं. लेकराला शिकवावं तसं. सकाळी उठल्या उठल्या नाचनीची वाटीभर पेज. मग उन्हं वर आल्यावर चतकोर भाकर. एक घास तोंडात घालून हात मांडीखाली दाबून धरायचे, कारन हात ऐकत न्हवता. तोंडात घास असतानाच दुसरा घास उचलायचा. चावता चावता जबडा दुखायचा. शेजारनी म्हनायच्या, "शेळीवानी किती रवंथ करतीस गं?" चुकायचे बी. एक दिस लई भूक लागली आन् अक्खी भाकर रेटली, तर दिसभर उंबऱ्यात पडून व्हते. दुसऱ्या दिशी परत चतकोर. लावनीचे दिस ग्येले, गवरी-गनपतीचे दिस ग्येले. हळूहळू अंगाला मास धरलं. रातची झोप लागाया लागली. मला वाटलं, जगते मी आता.

आन् मग ती दुपार. तो गूळ, ती धार.

सारवून घरी आले. मनात एकच हिशोब चालला व्हता. डागदर म्हनला घोट घोट. वरनं पडनारी धार घोट घोट पिता येतच न्हाई. तोंड मिटलं तर नाकात जातं, मान हलवली तर वाया जातं. ती रीत कुनी काढली त्यानं आमच्या पोटाचा इचार केला न्हवता. तहानल्या मानसानं किती प्यायचं, कसं प्यायचं, ते बी वतनाऱ्यानं ठरवायचं. अर्धं पोट कापून दिलं म्या. उरल्यालं अर्धं बी त्यांच्याच हातात व्हतं. असा संताप आला की अंगाची लाहीलाही झाली. माझाच मला आला. त्या बाईनं वरनं गूळ टाकला आन् म्या खाल्ला?

दुसऱ्या दिशी पेला पदराला गाठ मारून नेला.

दुपारी अंगनात बसले. गूळ पडला, तो उचलून शेजारनीच्या पदरात घातला. पेला फुडं ठिवला. म्हनलं, "ह्याच्यात वता. लांबनंच वता, तुमच्या तांब्याला लागत न्हाई."

पाटलीनबाईनं तांब्या मागं घेतला. तांब्या लांबच ऱ्हानार व्हता, बाटाबाट काय व्हनार न्हवती. तिला ते कळत व्हतं, मला बी. तिला सलत व्हतं ते येगळंच. पेला घिऊन मी बसनार, दमानं पिनार, आन् तिला माझ्यासाठी थांबावं लागनार.

"आवो," तिनं पाटलाला हाक मारली, "ही बघा काय घिऊन बसलीय."

पाटील खाली उतरला. पायानं पेला उडवला. पेला वाजत वाजत गोठ्याच्या भिताडापतूर ग्येला.

"वंजळीनं प्यायचं," तो म्हनला. "बापजाद्यापास्नं पित आलाय."

मी उठले. पेल्याला पोचा आला व्हता. पदरानं पुसला. छाती धडधडत व्हती, पन आज गुळानं न्हवं.

म्हनलं, "बापजादं पित आलं. मी न्हाई पिनार."

"मग उद्यापास्नं कामाला येऊ नगस."

"उद्या कशाला? ही चालले."

इळा उचलला आन् चालू लागले. मागनं शेजारीन हळूच म्हनली, "आगं, खाशील काय?" तिचं खोटं न्हवतं. त्या सालात दुसऱ्या कुनी बी मला इळा धरू दिला न्हाई. पाटलाचा शबूद सगळ्या शिवारात फिरला. सासूनं मला शिव्या घातल्या, मालक दोन दिस बोलला न्हाई. तो थंडीचा काळ कसा काढला ते माझं मला ठाऊक. पाच बारी खायाचं, आन् घरात भाकर एक. मी त्या एका भाकरीचं पाच तुकडं केलं. पाच बारी खाल्ली. चावून चावून, पेज हुईस्तवर. सवय मोडली न्हाई.

फुडच्या साली भात पिकलं आन् आभाळ भरून आलं. भिजलं तर सगळं मातीत जानार व्हतं. मानसं मिळंनात. पाटलीनबाई सोता आमच्या वाड्याच्या शिवंवर आली, आत न्हाई, शिवंवरच. म्हनली, "झालं ग्येलं इसर. चल. तुझ्याबिगर ह्या बायका बी निघनात."

बायका निघत न्हवत्या हे मला तवा कळलं. म्या मागं बघितलं. शेजारीन दारात हुबी व्हती, हातावर हात ठिवून.

म्हनलं, "पेल्यात पानी देशीला?"

ती आभाळाकडं बघत ऱ्हाईली. मग म्हनली, "रीत कशी मोडू मी? घरात मोठी मानसं हायेत."

"मग भात भिजू द्या."

रातीला पाऊस आला. लई आला. म्या आतनं कडी घातली आन् माझी चतकोर भाकर खाल्ली. पाटलाच्या भातासाठी मला वाईट वाटलं न्हाई, उगा खोटं कशाला सांगू. पिकाला काय दोष न्हवता, पन माझ्या पोटाला तरी काय व्हता?

पेला अजून हाय. पोचा तसाच हाय, ठोकून काढू दिला न्हाई कुनाला. माझ्या लेकीला म्या वंजळीनं पानी प्यायला शिकवलंच न्हाई. नीरा नदीवर ग्येली तरी पेला घिऊन जाती. एकदा तिच्या साळंत गुरुजींनी वरनं पानी वतलं, तर ती हात मागं बांधून हुबी ऱ्हाईली आन् तहानलेली घरी आली. व्हट सुकल्यालं. म्या पेला भरून तिच्या हातात दिला. म्हनलं, "दमानं पी. आन् उद्या बी हात मागंच ठिव."