जिवंत माणसाचा जुना फोटो

माझी वहिनी जिवंत माणसांना जुनं करते. धंदाच आहे तिचा. लोक मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात आणि ही संगणकावर त्यांचं शंभर वर्षांपूर्वीचं रूप काढून देते. अंगात बंद गळ्याचा कोट, मागे रंगवलेला पडदा, बाजूला गोल टेबल, सगळ्यावर तपकिरी छटा. वर ओरखडे, कसरीने खाल्लेल्या कडा आणि एका कोपऱ्याला घडीसुद्धा. पैसे देऊन लोक हे करून घेतात, याचं मला भारी हसू यायचं. "वहिनी, आम्ही तर फुकटातच जुने होतोय," मी म्हणायचे. ती मान वर न करता म्हणायची, "ताई, तुमचा नंबर पुढचा."

काम मात्र चोख. पूर्वी म्हणे कॅमेऱ्यासमोर बराच वेळ न हलता बसावं लागे, म्हणून जुन्या फोटोत कुणी हसत नाही. त्यामुळे ही आधी माणसाचं तोंड मिटते, हनुवटी उचलते, पाठ सरळ करते. मग चेहरा साफ करते, कारण पूर्वीचे फोटोवालेही कुंचल्याने डाग झाकायचे. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर, एकावर एक काचा ठेवाव्यात तशी. गिऱ्हाइकाला चित्र पसंत पडलं, की सगळे थर दाबून एक करायचे आणि मूळ फोटो पुसून टाकायचा, कारण तिचा संगणक म्हातारा आणि त्यात जागा नाही. नवा घे म्हणून तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, डोकं फोडून थकला. ऐकेल ती वहिनी कसली!

बाबांचाही तसा फोटो तिने त्यांच्या वाढदिवसाला केला होता. बाबा फोटोला कधी उभे राहायचे नाहीत, पण ते खिडकीशी बसलेले असताना तिने गुपचूप टिपलं. चित्र असं झालं की कुठल्या संस्थानचे दिवाण वाटावेत. भरलेले गाल, ताठ मान, करारी नजर. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कोण हे गृहस्थ?" आम्ही पोट धरून हसलो. बाबांची थट्टा करायची पद्धतच तशी, असं आम्हाला वाटलं.

नंतर एके दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला. "ताई, बाबा तुमच्याकडे आलेत का?"

मी दोनच गल्ल्या पलीकडे राहते. "नाही," म्हटलं, आणि तशीच त्यांच्या घरी धावले. बाबा सकाळी फिरायला बाहेर पडले होते आणि जेवणाची वेळ झाली तरी परतले नव्हते. फोन घरीच, उशीखाली.

आम्ही शोधायला निघालो, तेव्हा लक्षात आलं की दाखवायला फोटोच नाही. ओळखपत्रावरचा वीस वर्षांपूर्वीचा. त्यात काळ्या धुरातून एक नाक तेवढं दिसत होतं. लग्नकार्यातल्या फोटोंत बाबांची पाठ. गेल्या वर्षभरात ते निम्मे झाले होते, आणि त्या बाबांचा एकच फोटो होता, वहिनीने टिपलेला. तो तिने पुसला होता. उरले दिवाणसाहेब.

काय करणार, भावाने तेच चित्र मोबाइलवर घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ते पाहिलं आणि चेहरा पाडून विचारलं, "कधी गेले हो?"

"सकाळी," भाऊ म्हणाला.

बिचारा दुकानदार आमचं सांत्वन करायला लागला. एरवी मी महिनाभर हसले असते. त्या दिवशी मला रडू फुटलं. चौकीतला हवालदार तर वैतागलाच. "अहो, तुमचे पणजोबा नकोत मला. जो माणूस हरवलाय त्याचा फोटो आणा." शहराबाहेरचा कालवा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. भावाच्याही हलत नसणार, कारण आम्ही दोघंही त्याचं नाव काढत नव्हतो.

घरी आलो तेव्हा वहिनी संगणकासमोर बसली होती. ओरखडे, पडदा, कोट सगळं तिने काढून टाकलं होतं. उजव्या हाताचं मनगट तिने डाव्याने घट्ट धरलं होतं.

"बाबांना परत म्हातारं करतेय," ती म्हणाली. "मध्ये बोलू नका."

मी बोलणारच होते. कपाळावर किती आठ्या, कुठला दात पडलाय, भुवई कुठे तुटलीये, हे सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला माहीत नव्हतं. भावाकडे पाहिलं, तर तो आपल्या चपलांकडे बघत होता. पोटची पोरं आम्ही, आणि बापाचा चेहरा आम्हाला सांगता येईना. मला स्वतःची लाज वाटली, पण त्या घटकेला लाजेपेक्षा भीतीच मोठी होती.

वहिनीला मात्र सगळं येत होतं. जे जे तिने पुसलं होतं, ते तिच्या हाताला आठवत होतं. गालावरचा काळा डाग तिने परत ठेवला. डावी पापणी खाली आणली. गाल आत ओढले, खांदे उतरवले, मिटलेलं तोंड थोडं उघडलं. एकेका फटकाऱ्यासरशी दिवाणसाहेब जात होते आणि बाबा येत होते. शेवटी ती डोळ्यांपाशी थांबली. मग नजर खाली घेतली, कडेला वळवली, बुबुळांच्या वरचं पांढरं जरा वाढवलं.

पडद्यावर एक घाबरलेला म्हातारा बसला होता.

"असे नाहीत गं बाबा," मी म्हणाले.

"असेच बघतात हल्ली," वहिनी म्हणाली. "खिडकीशी बसले की असेच. आपण कुठल्या घरात आहोत ते कळत नसल्यासारखे. मला ते डोळे बघवेनात, ताई. म्हणून पहिल्यांदा तेच पुसले होते." एवढं बोलून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मला तर तिच्या खांद्यावर हात ठेवायचंही सुचलं नाही. मी त्या फोटोकडेच बघत होते. बाबा किती दिवस असे घाबरलेले होते, आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून चहा पीत होतो.

भावाने तो फोटो चौकीत दिला, खाली आपला नंबर घालून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पाठवला. मग आम्ही तिघं फोनभोवती बसून राहिलो. फोन वाजला की उचलायची हिंमत होईना, नाही वाजला की जीव जाई. दिवेलागणीला बस डेपोतून तिकीटखिडकीवरच्या बाईंचा फोन आला. "तुमचे हे गृहस्थ दुपारपासून आमच्या बाकावर बसलेत. फोटोत आहेत ना, हुबेहूब तसेच."

आम्ही धावतपळत गेलो. बाबा बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले होते. हातात कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पुडा होता, न उघडलेला. भावाने "बाबा!" म्हणून हाक मारली, तसे ते दचकून उठले आणि दोन पावलं मागे सरकले. मग वहिनीकडे बघून अगदी अजिजीने म्हणाले, "बाई, माझ्या मुलांना तेवढं कळवा हो. मी सापडत नाही म्हणून घाबरली असतील ती."

भावाने पुढे केलेला हात मागे घेतला. वहिनीने डोळे पुसले आणि बाबांचा हात हातात घेतला.

"कळवलंय, बाबा," ती म्हणाली. "निघालीत ती."